कॉलनीच्या स्वतःच्या वीजजाळ्याचा वीस वर्षांचा आराखडा : इंदूरच्या कामाच्या नोंदी

७ एप्रिल २०२४

आमच्या कॉलनीला वीज कंपनीकडून ११ केव्हीचं एकच कनेक्शन आहे. मीटरच्या पुढे जे काही आहे ते सगळं सोसायटीचं: ब्रेकर, दोन आरएमयू (रिंग मेन युनिट, म्हणजे ११ केव्हीच्या केबली जोडायचे-तोडायचे स्विचचे डबे), सहा ट्रान्सफॉर्मर, जमिनीखालच्या केबली आणि पस्तीसेक फीडर पिलर (घराघरांत वायरी जातात ते रस्त्याकडेचे डबे). बिघाड झाला की कंपनीचा लाइनमन येत नाही, आपले आपणच. बांधकाम २००३ ते २००५ मधलं. तेव्हापासून बजेटमध्ये ‘विद्युत दुरुस्ती’ अशी एकच ओळ असते. मार्चमध्ये पैसे उरले तर डीप्यांना (ट्रान्सफॉर्मरच्या ठाण्यांना) रंग, नाही उरले तर जय श्रीराम.

कालच्या सभेत खजिनदारांनी सुचवलं की वीस वर्षं झालीच आहेत, तर सहाही ट्रान्सफॉर्मर एकदम बदलून टाकावेत. करासकट अर्धा कोट. सभागृहात शांतता पसरली आणि मग सगळे माझ्याकडे बघू लागले, कारण समितीत इलेक्ट्रिकलवाला मी एकटाच. ठरलं असं की पुढच्या वीस वर्षांत काय, कधी आणि कितीला बदलायचं याचा आराखडा करायचा, तोवर खरेदी नाही. कुणाच्या सोसायटीत, कॉलेजात किंवा कारखान्यात असंच काम निघालं असेल तर उपयोग होईल, म्हणून नोंदी ठेवतोय.

१४ एप्रिल

कंट्रोल रूमच्या भिंतीवर फ्रेम केलेला सिंगल लाइन डायग्राम, म्हणजे सगळ्या वीजजाळ्याचा एकरेषी नकाशा आहे. त्यात पाच ट्रान्सफॉर्मर आहेत, प्रत्यक्षात सहा. बिल्डरकडे मागितलेली मूळ ड्रॉइंगं मिळाली नाहीत आणि मिळणारही नाहीत. म्हणून पहिला आठवडा नेमप्लेटा वाचण्यात गेला. दर दोन-तीन वर्षांनी मारलेला राखाडी रंग नेमप्लेटवरूनही मारलेला आहे, त्यामुळे थिनर आणि जुनं सुती फडकं घेऊन बसावं लागलं. पॉलिश पेपर वापरू नका, खोदलेली अक्षरं उथळ असतात, ती पण जातात.

प्रत्येक प्लेटवरून लिहून घ्यायचं : केव्हीए (क्षमता), वर्ष, अनुक्रमांक, टक्केवारीतला इम्पिडन्स (आतला अडथळा), व्हेक्टर ग्रुप (वाइंडिंगच्या जोडणीचा प्रकार) आणि तेलाचे लिटर. इम्पिडन्स लोक सोडून देतात. मग कधी दोन ट्रान्सफॉर्मर समांतर चालवायची वेळ आली की एकावर जास्त भार का जातो, हे कळत नाही.

आमच्याकडे निघाले ३१५ केव्हीएचे चार आणि ५०० चे दोन. चार नंबरच्या डीपीवर मूळ प्लेटखाली रिपेअरवाल्याची छोटी पट्टी सापडली : रिवाइंड २०१४, म्हणजे आतली वाइंडिंगची गुंडाळी तेव्हा नवी केली. आता याचं वय काय धरायचं? तक्त्यात दोन रकाने केले, टाकीचं वय आणि वाइंडिंगचं वय. ट्रान्सफॉर्मरचं आयुष्य मुख्यतः कागदाच्या इन्सुलेशनचं असतं, आणि कागद तर नवा आहे. म्हणून तूर्त चार नंबर ‘तरुण’ ठरवून यादीत सगळ्यांत खाली टाकला.

२८ एप्रिल

केबल रूट ट्रेसरवाला आणला. दिवसाचे बारा हजार. महाग वाटले, पण याशिवाय पुढचं सगळं अंदाजपंचे झालं असतं. सगळीकडे खुंट्या मारून घेतल्या आणि मोबाइलवर लोकेशन टिपून नकाशा केला.

याच कामात मोठी गोष्ट बाहेर आली. डायग्राममध्ये ११ केव्हीची रिंग दाखवली आहे, म्हणजे एका बाजूची केबल गेली तर दुसऱ्या बाजूने पुरवठा. प्रत्यक्षात पाच नंबरपासून दुसऱ्या आरएमयूपर्यंतचा तीनशे मीटरचा तुकडा मेलेला आहे. थोरल्या वायरमनला विचारलं तर म्हणाला, “साब, वो तो कब की बंद है, चौथी बार फॉल्ट आया तो लिंक खोलकर छोड़ दी.” कधी, ते त्याला आठवत नाही. समितीत कुणालाही पत्ता नव्हता. पाच आणि सहा नंबरच्या डीप्या इतकी वर्षं एका दोरीवर लटकत होत्या आणि भिंतीवरच्या फ्रेममध्ये रिंग छान गोल दिसत होती.

१९ मे

भार मोजला. घरगुती वस्तीत टाँग टेस्टर (केबलभोवती चिमट्यासारखा लावायचा करंट मीटर) दुपारी चारला लावून काही कळत नाही. मे महिन्यात इंदुरात खरा भार रात्री साडेदहानंतर चढतो, सगळ्या बेडरूमचे एसी एकदम लागतात तेव्हा. थोरला वायरमन आणि मी जेवणं उरकून निघायचो.

दोन नंबरचं उदाहरण सविस्तर देतो. ३१५ केव्हीएला ४३३ व्होल्टवर पूर्ण भाराचा करंट ४२० अँपिअर. आम्हाला मिळालं : आर फेज ४५५, वाय ३१०, बी २७०. सरासरी काढली तर ट्रान्सफॉर्मर आरामात आहे, एका फेजचं वाइंडिंग मात्र रोज रात्री ओव्हरलोड. न्यूट्रलमध्ये हिशोबाने १७० च्या आसपास यायला हवं होतं, आलं १९०. वरचा फरक इन्व्हर्टर एसी आणि एलईडीच्या तिसऱ्या हार्मोनिकचा, तो न्यूट्रलमध्ये बेरीज होऊन येतो.

लोडिंग गाइडचा ढोबळ नियम असा की साध्या कागदाच्या इन्सुलेशनचा हॉट स्पॉट, म्हणजे वाइंडिंगची सगळ्यांत तापलेली जागा, ९८ अंशांच्या वर गेला की दर ६ अंशांना म्हातारपणाचा वेग दुप्पट. म्हणजे एक फेज भरलेला ठेवणं म्हणजे नवा ट्रान्सफॉर्मर जवळ बोलावणं. इलाज फुकटातला : पिलरमध्ये सिंगल फेजच्या घरांच्या सर्व्हिस वायरी आर वरून बी वर आणि थोड्या वाय वर सरकवल्या. दोन सकाळी शटडाउन, चार घरांच्या शिव्या. नंतरचे आकडे ३५५, ३४५, ३३५. या एका कामाने दोन नंबर बदलायची तारीख बरीच पुढे गेली.

एक सांभाळा. थ्री फेजच्या घरात फेजांचा क्रम बदलला तर बोअरची मोटर उलटी फिरते. एका घरी फिरली.

२६ मे

रात्री थर्मोग्राफी, म्हणजे उष्णता दाखवणाऱ्या कॅमेऱ्याने तपासणी, करून घेतली. बारा-साडेबारापर्यंत चाललं, खर्च पंधरा हजार. एजन्सीला दिवसा यायचं होतं. भार नसताना कॅमेऱ्याने काढलेला फोटो भिंतीवर लावायच्या कामाचा, म्हणून रात्रीचाच आग्रह धरला.

ट्रान्सफॉर्मर सगळे ठीक दिसले. आग होती ती पिलरमध्ये. सतरा नंबरच्या पिलरमध्ये वाय फेजचा लग (केबलच्या टोकाची धातूची टोपी) ९६ अंश, शेजारचे दोन ४८. दुसऱ्या दिवशी पुरवठा बंद करून उघडला. तांब्याच्या बसबारवर ॲल्युमिनियमचा लग थेट आवळलेला, मध्ये बायमेटल वॉशर नाही. वर तो लग क्रिम्पिंग टूलने दाबलेलाच नव्हता, हातोडीने चेपटा केलेला होता. पांढरट भुकटी धरली होती आणि केबलच्या इन्सुलेशनचा रंग चार बोटांपर्यंत चहासारखा झाला होता. वायरमनने लग हातात धरून नुसता पिरगाळला तर केबलवरून निघून आला.

मग सगळेच पिलर उघडले. साधारण तिसरा हिस्सा असाच. तळाचा पत्रा गंजून गेलेला, त्यातून उंदीर आत. हायड्रॉलिक क्रिम्पिंग टूल महाराणी रोडवरून विकत घेतलं, बायमेटल लग आणले, तळाला प्लेट मारून केबल एंट्री बंद केली. ट्रान्सफॉर्मरच्या आराखड्यासाठी निघालो होतो, पण रहिवाशांचे दिवे जातात ते बहुतेक या डब्यांमुळे. आणि माझ्या तक्त्यात पिलरचा रकानाच नव्हता.

९ जून

अर्थिंगचं रीडिंग घेतलं. माळव्याची काळी माती ओली असली की अर्थिंगसाठी सोन्यासारखी, आणि उन्हाळ्यात भेगाळून इलेक्ट्रोडपासून सुटते. जुन्या मेंटेनन्स रजिस्टरात सगळी रीडिंगं ऑगस्ट-सप्टेंबरची आहेत, सगळी दीड ओहमच्या आत. आज पाऊस पडण्याआधी घेतलेली त्याच पिट्सची रीडिंगं कुठे सहा, कुठे नऊ. रीडिंग जूनच्या पहिल्या आठवड्यातच घ्यायचं, असं रजिस्टरच्या कव्हरवर लिहून ठेवलं.

तीन नंबरला न्यूट्रलच्या दोन स्वतंत्र अर्थिंगपैकी एकाची पट्टी जमिनीच्या पातळीवर गंजून तुटलेली. वरून सगळं शाबूत दिसतं. हाताने हलवून बघा.

२३ जून

तेलाचे नमुने. हे काम फसलं.

मेंटेनन्सच्या ठेकेदाराने नमुने पाण्याच्या धुतलेल्या प्लास्टिक बाटल्यांत घेतले, तेही भुरभुर चालू असताना. बीडीव्ही (तेल किती व्होल्टला फुटतं ते माप) सहापैकी चार ठिकाणी २० केव्हीच्या खाली. वापरातल्या तेलाला ३० च्या वर हवं. खजिनदारांना आनंद झाला, ‘मी म्हणत होतो’. पण चार टाक्यांचं तेल एकदमच इतकं वाईट हे पटेना. लॅबच्या माणसालाच बोलावलं. कोरडी काचेची बाटली, व्हॉल्व्ह पुसून आधी तेल वाहू दिलं, बाटली त्याच तेलाने विसळली, मग नमुना. ऊन होतं. निकाल : पाच ठिकाणी ४० च्या पुढे, एका ठिकाणी २२. पहिल्या फेरीचे पैसे पाण्यात, तेही बाटलीत उरलेल्या.

तो २२ वाला म्हणजे चार नंबर. रिवाइंड केलेला, माझ्या यादीतला तरुण. ब्रीदरमधली (टाकीत जाणारी हवा कोरडी करणाऱ्या डबीतली) सिलिका जेल निळ्याची पूर्ण गुलाबी झालेली आणि खालच्या कपात तेलाचा थेंब नाही. कव्हरच्या गॅस्केटमधून पाझर.

१४ जुलै

चार नंबरचं तेल फिल्टर करायला मशीन येणार होतं. आदल्या दिवशी लॅबवाल्याने फोनवर सहज विचारलं, “डीजीएचा नमुना घेतला का?” डीजीए म्हणजे तेलात विरघळलेल्या वायूंची तपासणी, त्यावरून आतला बिघाड कळतो. नव्हता घेतला. फिल्टरेशनमध्ये तेल गरम करून व्हॅक्यूमखाली काढतात, त्यात विरघळलेले वायू निघून जातात. त्यानंतर आत काय चाललं होतं ते कळायला पुढे कित्येक महिने वाट बघावी लागली असती. मशीन थांबवलं, नमुना घेतला, सोबत फ्युरानही. दोन्ही मिळून एका ट्रान्सफॉर्मरला सहा-सात हजार जातात, म्हणून सहाही नाही केले, चार आणि एक एवढेच. लहान ट्रान्सफॉर्मरला डीजीए सरसकट करणं मला उधळपट्टी वाटते. बीडीव्ही संशयास्पद आला किंवा मागे कुठला मोठा फॉल्ट अंगावर घेतला असेल, तरच करावं.

फ्युरान कागदाच्या झिजेचं माप देतो. एक नंबरचा, म्हणजे २००४ च्या मूळ वाइंडिंगचा, कमी आला. चारचा त्याच्या कित्येक पट. दहा वर्षांचा कागद वीस वर्षांच्या कागदापेक्षा जास्त जळलेला. रिवाइंड करणाऱ्याने वाळवण नीट केली नसावी, आणि वर ओलावा येतच राहिला. नो-लोड लॉसही (भार नसतानाही वाया जाणारी वीज) मोजून घेतला : मूळ टेस्ट सर्टिफिकेटपेक्षा ४०० वॅट जास्त. ट्रान्सफॉर्मर वर्षभर अखंड चालू असतो, तेव्हा ०.४ गुणिले ८७६० म्हणजे ३५०४ युनिट. युनिटला साडेसात रुपये धरले तर वर्षाला सव्वीस हजार नुसते गरम होण्यात.

४ ऑगस्ट

जुन्या बिलांच्या फायली काढल्या. ‘फॉल्ट रजिस्टर’ कधी ठेवलंच गेलं नाही, पण फॉल्ट शोधणाऱ्या व्हॅनचं भाडं, जॉइंट किट आणि जॉइंटरची मजुरी यांची बिलं असतात. प्रत्येक बिलावर तारीख असते, बहुतेकांवर जागाही. खजिनदारांनी इथे मनापासून मदत केली. वीस वर्षांची व्हाउचरं त्यांच्याकडे वर्षवार बांधलेली आहेत. त्यांचं अर्ध्या कोटीचं स्वप्न त्यांच्याच गठ्ठ्यांनी मोडलं, हे वेगळं.

निघालं ते असं. ट्रान्सफॉर्मर आतून जळाल्याची घटना एकच, तोच चार नंबर, तोच २०१४. बाकी ११ केव्हीचे जवळजवळ सगळे फॉल्ट केबलच्या स्ट्रेट जॉइंटवर (दोन तुकडे सरळ जोडलेल्या जागी), आणि बहुतेक जून अखेर ते जुलै. काळी माती उन्हाळ्यात आकसते, पहिल्या पावसात फुगते आणि केबल ओढते. सलग केबल ते सहन करते, जॉइंटमध्ये मात्र फट पडते आणि पाणी शिरतं. एकदा जॉइंट गेला की तो कापून दोन मीटरचा तुकडा घालतात, म्हणजे एकाचे दोन जॉइंट. मेलेल्या तुकड्याची गत अशीच झालेली.

१८ ऑगस्ट

ठेकेदाराने सुचवलं, बाकीच्या ११ केव्ही केबली डीसी हाय-पॉट (जास्त डीसी व्होल्टेज देऊन इन्सुलेशन तपासणं) करून बघू, यंत्र आहेच. नाही म्हटलं. जुन्या एक्सएलपीई (प्लास्टिक इन्सुलेशनच्या) केबलला डीसी टेस्टने इन्सुलेशनमध्ये चार्ज अडकून राहतो. टेस्ट पास होऊनही पुढे केबल फुटू शकते. त्याऐवजी ०.१ हर्ट्झची व्हीएलएफ (अतिशय मंद एसीची) टेस्ट करणारी एजन्सी शोधली. दुप्पट पैसे गेले. एक जॉइंट टेस्टमध्येच फुटला, तो दिवाळीत फुटण्यापेक्षा बरा.

८ सप्टेंबर

आता प्राधान्यक्रम. पहिला तक्ता मी कॉलेजच्या प्रोजेक्टसारखा केला होता : वय, भार, तेल, गळती, किंमत, प्रत्येकाला टक्केवारीत वजन, शेवटी एक गुण. त्यात तीन नंबर पहिला आला, का तर सगळ्यांत जुन्यांपैकी एक. चार नंबर मधोमध. पिलर तर तळाला, कारण किंमत कमी. तो तक्ता फेकला. वजनं पाच टक्के इकडेतिकडे केली की क्रम बदलतो. मग असा गुण कुणाच्या इच्छेनेही बदलता येतो.

ब्रिटनमध्ये वितरण कंपन्यांना नियामकाने एक सामाईक पद्धत लावून दिली आहे. तिच्यात उपकरणाची तब्येत एका अक्षावर आणि ते बंद पडण्याचा परिणाम दुसऱ्या अक्षावर ठेवतात, तब्येतीचे पाच पट्टे, परिणामाचे चार. त्यामागची समीकरणं आमच्या सहा डीप्यांना नकोत, पण दोन अक्षांची चौकट उचलली. तब्येत १ ते ५, फक्त मोजलेल्या गोष्टींवरून. परिणाम १ ते ४ : बंद पडलं तर काय थांबतं आणि दुसरीकडून पुरवठा देता येतो का. नर्मदेचं पाणी टाकीत चढवणारे पंप पाच नंबरवर आहेत, लिफ्टा आणि दवाखाना सहावर. दोन्हींना दुसरी वाट नाही. गुणाकार नाही, बेरीज नाही. कागदावर चौकोन आखून त्यात चिठ्ठ्या लावल्या. वर उजव्या कोपऱ्यात जे आलं ते आधी.

त्या कोपऱ्यात आलं : मेलेला तीनशे मीटरचा तुकडा, चार नंबर, आणि अकरा पिलर. २००४ चे पाच ट्रान्सफॉर्मर तिथे नाहीत.

२२ सप्टेंबर

मधला आठवडा काम बंद. अनंत चतुर्दशीला मिलच्या झांक्या (देखाव्यांची मिरवणूक) निघतात त्या रात्री इंदुरात वायरमन मिळणार नाही, आणि दुसऱ्या दिवशी मिळाला तरी जागा नसतो.

पैशाचा तक्ता. ऑडिटरच्या पुस्तकात ट्रान्सफॉर्मर दरवर्षी १५ टक्के घसारा कापत आलेत. या हिशोबाने वीस वर्षांनी लाखाचे ३,८७६ रुपये उरतात. खजिनदारांचा मूळ प्रस्ताव इथूनच निघाला होता : पुस्तकात शून्य, म्हणजे वस्तू संपली. घसारा कराचा हिशोब आहे, त्याला तेलाची अवस्था कळत नाही. यावर आमचं एक संध्याकाळभर वाजलं. शेवटी त्यांनीच उलट प्रश्न टाकला, आणि तो रास्त होता : “आज चांगले आहेत, मान्य. पण पाचही एकाच वर्षी घेतलेत. म्हातारेही एकदमच होतील. तेव्हा काय, वर्गणी काढायची?”

या प्रश्नाने आराखड्याचा आकार ठरला. सगळे पंचविसाव्या-तिसाव्या वर्षापर्यंत जाऊ दिले तर २०२९ ते २०३४ मध्ये खर्चाचा डोंगर उभा राहतो. म्हणून मुद्दाम विखुरले : चार नंबर आत्ता, पुढे दर तीन-चार वर्षांनी एक, पंप आणि दवाखान्याचे आधी. काही ट्रान्सफॉर्मर आयुष्य शिल्लक असताना निघतील. ते वाया नाहीत, पहिला चांगला निघालेला ३१५ स्पेअर म्हणून चौथऱ्यावर ठेवायचा. दर पाच वर्षांनी चिठ्ठ्या पुन्हा लावायच्या. वर्षाला ठरावीक रक्कम वेगळ्या ठेवीत, ‘विद्युत दुरुस्ती’त नाही.

१० नोव्हेंबर

खरेदीची अट लिहिताना एक सांगतो. नुसतं ‘आयएस ११८० (ट्रान्सफॉर्मरचं भारतीय मानक) प्रमाणे’ लिहिलं तर विक्रेता त्यातली सगळ्यांत खालची कार्यक्षमता पातळी देतो. पातळी लिहा, ५० आणि १०० टक्के भारावरचे एकूण लॉस आकड्यांत मागा, आणि इम्पिडन्स सध्याच्यांशी जुळणारा मागा. तीन कोटेशनं आली. सर्वांत स्वस्त आणि मधलं यात साठ हजारांचा फरक, पण स्वस्तवाल्याचे लॉस जास्त. तो फरक चार-साडेचार वर्षांत विजेच्या बिलातून वसूल होतो आणि ट्रान्सफॉर्मर पंचवीस वर्षं चालवायचा आहे. मधला घेतला, साडेसात लाख.

एका विक्रेत्याने जुना चार नंबर ‘पुन्हा रिवाइंड’ करून निम्म्यात देतो म्हटलं. त्याला चहा पाजून पाठवला.

१९ जानेवारी २०२५

तीनशे मीटरचा तुकडा नवा टाकला. जुने जॉइंट दुरुस्त करायचा मोह दोघा-तिघांना होता, निम्म्या खर्चात झालं असतं. पण त्याच मातीत तेच जॉइंट. एका ड्रमची सलग लांबी घेतली, मध्ये एकही जॉइंट नाही. खाली-वर वाळू, वर विटा, दोन्ही टोकांना केबलचा सैल वळसा. केबल, खोदाई, टर्मिनेशन मिळून साडेसहा लाख. कॉलनीचा सिमेंट रस्ता दोन ठिकाणी कापावा लागला, तो जोडायचे ऐंशी हजार अंदाजात नव्हते.

रिंग जोडण्याआधी दोन्ही बाजूंचे फेज जुळतात का ते तपासा. आमच्याकडे वाय आणि बी उलट निघाले. लिंक तशीच मारली असती तर साडेसहा लाखांचा तुकडा पहिल्याच मिनिटाला गेला असता.

पाच नंबरची मुख्य बाजू मुद्दाम बंद करून पंप दुसऱ्या वाटेने चालवून बघितले. चालले. भिंतीवरची फ्रेम उतरवून नवा डायग्राम लावला, खाली तारीख टाकून.

बाकी राहिलेलं : अकरापैकी चार पिलर, चार नंबरचा नवा ट्रान्सफॉर्मर (डिलिव्हरी मार्चअखेर सांगितली आहे, एप्रिल धरा), पहिल्या आरएमयूचा गॅसच्या दाबाचा काटा हिरव्याच्या काठावर आहे त्याला कंपनीचा सर्व्हिस इंजिनिअर. भाराची रीडिंगं पुन्हा मे महिन्यात, रात्री साडेदहानंतर.